जवळा आणि त्याचे खोल समुद्रातील कुल

ठाणे, कळवा, कल्याण वा डोंबिवलीच्या सुक्या मासळीच्या बाजारात बोंबील, सोडे, वाकट्या आणि सुकट यांच्या शेजारी फिकट गुलाबी भुशासारखा दिसणारा एक ढीग असतो. तो जवळ्याचा. मापाने विकला जाणारा, स्वस्त, कांदा आणि कैरी घालून परतला की भाकरीबरोबर दोन घास जास्त जेवायला लावणारा हा जवळा आपल्या समाजातील कित्येक पिढ्यांच्या ताटात राहिलेला आहे. हातात आलेल्या मूठभर जवळ्यात शेकडो जीव असतात, पण त्यांपैकी एकाकडेही आपण निरखून पाहत नाही. इतक्या लहान वस्तूत पाहण्याजोगे काय असणार, अशी आपली समजूत असते.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच लहानसा जीव आणि त्याचे कुल हा आहे. प्राणिशास्त्रात या कुलाला सर्जेस्टिडी म्हणतात. या कुलातील बहुतेक सभासद दिवसा समुद्राच्या पृष्ठभागाखाली कित्येकशे मीटर खोल अंधारात राहतात, त्यांतील अनेक स्वतःचा प्रकाश निर्माण करतात आणि रात्री वर येतात. खाडीच्या गढूळ पाण्यात राहणारा आपला जवळा हा त्याच घराण्यातला. हे नाते कोणी, कसे आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे पाहिले म्हणजे वर्गीकरण या शास्त्रीय कृतीचा खरा अर्थ ध्यानात येतो. इतिहासाच्या शिक्षकाने प्राणिशास्त्राच्या दालनात पाऊल टाकण्याचे कारणही तेच आहे. प्रत्येक शास्त्रीय नावामागे पुराव्यांचा एक इतिहास असतो.

जवळ्याचा पत्ता

एखाद्या माणसाचा पत्ता आपण राज्य, जिल्हा, तालुका, गाव असा लिहितो. प्राण्याचा शास्त्रीय पत्ताही असाच मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळात येतो. जवळ्याचा पत्ता असा : संघ संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेले प्राणी. कीटक, कोळी आणि खेकडेही याच संघातले. त्यात कवचधारी प्राण्यांचा विभाग. त्यात दशपाद गण, म्हणजे चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असलेल्यांचा गण. कोळंबी, शेवंड आणि खेकडा या गणात येतात. त्यात डेंड्रोब्रँकिएटा हा उपगण, ज्याच्या नावाचा अर्थ झाडाच्या फांद्यांसारखे कल्ले असलेले, असा आहे. त्यात सर्जेस्टिडी हे कुल. कुलात अ‍ॅसिटिस ही प्रजाती आणि प्रजातीत इंडिकस ही जाती. अ‍ॅसिटिस इंडिकस हे आपल्या किनाऱ्यावरील मुख्य जवळ्याचे पूर्ण नाव होय. अ‍ॅसिटिस प्रजातीत जगभरात चौदाच्या आसपास जाती मानल्या जातात आणि भारतीय किनाऱ्यावर त्यांपैकी एकाहून अधिक आढळतात.

जवळा, अंबाड आणि कोळंबीची पिले सुकल्यावर सारखीच दिसतात. त्यांतून जवळा ओळखण्याची एक खूण अशी की, डेंड्रोब्रँकिएटा उपगणातील बहुतेक माद्या अंडी थेट पाण्यात सोडतात. दुसऱ्या मोठ्या उपगणातील माद्या मात्र अंडी उबेपर्यंत पोटाखालच्या पायांना चिकटवून बाळगतात. अंबाडीच्या मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसू शकतो, जवळ्याच्या मादीच्या पोटाखाली तो कधीही दिसणार नाही. म्हणून दिसायला सारखे असले तरी जवळा आणि अंबाड हे दूरचे नातेवाईक आहेत.

अनेक लोक जवळ्याला क्रिल म्हणतात. तेही बरोबर नाही. अंटार्क्टिक समुद्रातील देवमाशांचे अन्न असलेला क्रिल हा दशपाद गणाबाहेरील, वेगळ्याच गणातील प्राणी आहे. आकार आणि थव्याने राहण्याची सवय सारखी असली, तरी शरीररचना वेगळी आहे.

दशपाद, पण पाय सहा

दशपाद गणातील प्राण्याला दहा पाय असावेत, हे नावावरूनच उघड आहे. जवळ्याला मात्र चालण्याच्या पायांच्या तीनच जोड्या असतात. चौथी आणि पाचवी जोडी नसते. भिंग घेऊन मोजणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी. पायांच्या पुढे पायासारखीच दिसणारी आणखी एक जोडी असते, ती मुखपादांची आहे, पायांत धरू नये. उरलेल्या तिन्ही जोड्यांच्या टोकाला इतके बारीक चिमटे असतात की ते सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतात.

मग सहा पायांच्या जिवाला दशपाद का म्हणावे? कारण वर्गीकरण एका खुणेवर उभे नसते. खोल समुद्रातील सर्जेस्टिस या भाऊबंदाकडे पाहिले की उलगडा होतो. त्याच्या चौथ्या आणि पाचव्या जोडीचे पाय असतात, पण ते लहान आणि खुरटलेले असतात. नेहमीच्या कोळंबीत पाचही जोड्या पूर्ण, सर्जेस्टिसमध्ये शेवटच्या दोन आखूड आणि अ‍ॅसिटिसमध्ये त्या नाहीशाच, असा हा क्रम आहे. तिघांना शेजारी ठेवल्याशिवाय जवळ्याच्या सहा पायांचा अर्थ लागत नाही.

कुलाच्या इतर खुणाही रोचक आहेत. कपाळावरचा काटेरी सुळका कोळंबीत लांब असतो, येथे तो अगदी आखूड असतो. लांब शृंगिका, ज्यांना आपण मिशा म्हणतो, शरीराच्या कितीतरी पट लांब असून त्यांना एका ठिकाणी बाक असतो. बाकाच्या पुढच्या भागावर बारीक केसांच्या रांगा असतात. ताज्या जवळ्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते, काळे डोळे तेवढे उठून दिसतात आणि शेपटीच्या बाजूच्या पंख्यांवर लाल ठिपके असतात. मादी चार सेंटीमीटरपर्यंत वाढते, नर तिच्याहून लहान असतो. नराच्या लहान शृंगिकांवर मादीला धरून ठेवण्यासाठी आकडीसारखी रचना असते. बहुतेक जवळ्यांचे आयुष्य एका वर्षाच्या आत संपते.

अंधारातील भाऊबंद

सर्जेस्टिस, सर्जिया आणि त्यांच्या जवळच्या प्रजाती मोकळ्या समुद्रात राहतात. दिवसा त्या साधारण पाचशे ते आठशे मीटर किंवा त्याहूनही खोल असतात. सूर्य मावळू लागला की थवेच्या थवे वर चढतात, रात्री वरच्या दोनशे मीटरमध्ये सूक्ष्म प्राणी खातात आणि पहाटेपूर्वी पुन्हा खाली जातात. चार-सहा सेंटीमीटर लांबीचा जीव रोज शेकडो मीटर चढतो आणि उतरतो. वर खाल्लेले अन्न तो खाली नेतो, तिथे उत्सर्जन करतो, तिथे त्याची शिकारही होते. अशा असंख्य जिवांच्या रोजच्या येरझारांमुळे पृष्ठभागावरील कार्बन समुद्राच्या पोटात जातो.

या जिवांचा रंगही विचार करण्यासारखा आहे. सर्जियाच्या गटातील अनेक जाती गर्द लाल असतात. सर्जेस्टिसच्या गटातील जाती अर्ध्या पारदर्शक आणि अर्ध्या लाल असतात. अंधारात राहणाऱ्याने लाल का असावे? पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. काही दहा मीटरच्या खाली तो पोचतच नाही. ज्या रंगाचा प्रकाशच नाही, त्या रंगाचे शरीर तिथे काळे, म्हणजे अदृश्य ठरते. उजेडात उठून दिसणारा लाल रंग खोल पाण्यात लपण्याचे वस्त्र होतो.

पारदर्शक जातींचा प्रश्न वेगळा आहे. वरून येणाऱ्या मंद प्रकाशात त्यांच्या पचनग्रंथीची गडद सावली खालून पाहणाऱ्या शिकाऱ्याला दिसू शकते. त्यावर उपाय म्हणून सर्जेस्टिसच्या गटात या ग्रंथीचाच काही भाग प्रकाश देणाऱ्या अवयवात रूपांतरित झालेला आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ ओट्टो पेस्टा यांच्या नावावरून त्याला पेस्टाचे अवयव म्हणतात. वरून जितका उजेड येतो तितकाच उजेड हा जीव खाली सोडतो आणि त्याची सावली पुसली जाते. शरीर तिरके झाले तरी हे अवयव फिरून प्रकाशाची दिशा खालीच ठेवतात. सर्जियाच्या गटातील अनेक जातींत मात्र प्रकाशाचे ठिपके त्वचेवर असतात. जवळ्याला असे अवयव नाहीत, गढूळ आणि उथळ पाण्यात त्यांची गरजही नाही.

एका जिवाची तीन नावे

आता वर्गीकरणाच्या इतिहासाकडे वळू. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० साली एकाच लेखात सर्जेस्टिस आणि अ‍ॅसिटिस या दोन्ही प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध केले. अ‍ॅसिटिस इंडिकस हे नावही त्याच वर्षीचे. पुढे १८५२ साली अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ जेम्स डाना यांनी सर्जेस्टिडी हे कुल स्थापन केले.

याच काळात युरोपातील संशोधकांना समुद्राच्या पाण्यात तीन चमत्कारिक जीव सापडले होते. एकाच्या अंगावर हरणाच्या शिंगांसारखे फाटे फुटलेले काटे होते, त्याला एलाफोकॅरिस म्हटले गेले. दुसऱ्याचे सारे शरीर काटेरी होते, तो अकॅन्थोसोमा. तिसऱ्याचे पाय चाबकासारखे लांब, तो मॅस्टिगोपस. तिन्ही वेगळे दिसत होते, म्हणून तिघांना वेगवेगळ्या प्रजातींची नावे मिळाली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस आणि इतरांनी त्यांच्या वाढीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा हे तीन प्राणी नसून सर्जेस्टिसच्या बालपणाच्या तीन अवस्था आहेत, असे सिद्ध झाले. अंड्यातून प्रथम नॉप्लियस हा तीन जोड्या अवयवांचा डिंभ बाहेर पडतो. कात टाकत टाकत तो एलाफोकॅरिस, मग अकॅन्थोसोमा, मग मॅस्टिगोपस होतो आणि अखेर प्रौढ होतो. तीन प्रजाती रद्द झाल्या. ती नावे आज केवळ अवस्थांची नावे म्हणून उरली आहेत.

ही घटना आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. बाह्य रूप पाहून वेगळेपणाचा शिक्का मारला गेला होता. वाढ पाहिल्यावर, एकाचे दुसऱ्यात रूपांतर होताना दिसल्यावर, तो शिक्का पुसावा लागला. शास्त्राची प्रतिष्ठा शिक्का कायम ठेवण्यात नव्हती, तो पुसण्याच्या तयारीत होती.

हे काम आजही थांबलेले नाही. सर्जेस्टिस ही एकच मोठी प्रजाती २००८ साली अनेक प्रजातींत विभागली गेली. २०१४ साली सर्जियाचेही तसेच झाले. प्रकाशावयवांची मांडणी आणि नराच्या जननेंद्रियांची रचना हे त्या विभागणीचे महत्त्वाचे आधार होते. जपानमध्ये साकुरा एबी, म्हणजे चेरीच्या फुलांच्या रंगाची कोळंबी, या नावाने प्रसिद्ध असलेली जाती पूर्वी सर्जिया लुसेन्स म्हणवली जाई, आता ती लुसेन्सोसर्जिया लुसेन्स झाली आहे.

मराठीत प्राणिशास्त्राने जाती, कुल, गण, वर्ग, संघ हे शब्द समाजातूनच उचलले. त्यामुळे वाचकाच्या मनात जुन्या अर्थाची सावली येणे स्वाभाविक आहे. म्हणून फरक स्पष्ट सांगावयास हवा. शास्त्रातील कुल म्हणजे उतरंड नव्हे. सर्जेस्टिस खोल राहतो म्हणून खालचा नाही आणि कोळंबी महाग विकली जाते म्हणून वरची नाही. कुल सांगते ते फक्त नाते. ते नाते पुराव्यावर ठरते आणि नवा पुरावा आल्यास बदलते. ज्या वर्गवारीला पुरावा विचारता येत नाही आणि जी कधीही बदलत नाही, तिला शास्त्र म्हणता येत नाही.

मुंबईच्या गोदीत बांधलेले जहाज

या इतिहासात आपल्या भागाचाही वाटा आहे. भारतीय समुद्रांच्या सर्वेक्षणासाठी इन्व्हेस्टिगेटर हे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधले गेले. नौकानयनासाठी खोली मोजणे आणि नकाशे करणे हे त्याचे मुख्य काम होते. परंतु जहाजावरील वैद्यक अधिकाऱ्याकडे निसर्गशास्त्रज्ञाचेही काम असे. अल्फ्रेड विल्यम अल्कॉक हे १८८८ पासून काही वर्षे या पदावर होते. खोल पाण्यात जाळी सोडून वर आणलेले प्राणी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये पाठवले जात. जेम्स वुड-मेसन आणि अल्कॉक यांच्या १८९१ सालच्या लेखनात सर्जेस्टिडी कुलातील नव्या जातींचे वर्णन आहे. १९०१ साली अल्कॉक यांनी भारतीय खोल समुद्रातील कवचधारी प्राण्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी स्टॅन्ली केम्प यांनी अ‍ॅसिटिस प्रजातीवर स्वतंत्र लेख लिहिला.

इतिहासाचा विद्यार्थी येथे एक गोष्ट नोंदवील. जहाज मुंबईच्या कारागिरांनी बांधले, जाळी खलाशांनी ओढली आणि जवळ्याच्या सवयी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होत्या. छापील पानांवर मात्र त्यांची नावे आली नाहीत. नाव देणाऱ्यांचे श्रेय कमी न करताही हे सांगता येते.

खाडीतला जवळा

जवळा पकडण्याचे आपल्याकडील मुख्य साधन म्हणजे डोल जाळे. निमुळत्या पिशवीसारखे हे जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडासमोर स्थिर ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आत आणते. म्हणून या मासेमारीचे वेळापत्रक चंद्राच्या कलांवर चालते, उधाणाला पाण्याचा जोर आणि भांगाला मंदी. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या किनाऱ्यावर जवळा सर्वाधिक मिळतो. त्याचा मोठा हिस्सा वाळवला जातो. सुक्या जवळ्याच्या वजनात सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा असतो आणि तो कवचासकट खाल्ला जात असल्याने कॅल्शियमही मिळते. आग्नेय आशियात याच प्रजातीपासून आंबवलेली चटणी करतात आणि कोरियात जवळा मिठात मुरवून ठेवतात.

खाडीच्या अन्नसाखळीत जवळ्याचे स्थान मध्यभागी आहे. तिवरांची पाने कुजून झालेला चुरा, सूक्ष्म वनस्पती आणि सूक्ष्म प्राणी हे जवळ्याचे अन्न. बोंबील आणि मांदेली यांचे अन्न जवळा. म्हणजे तिवराचे झाड आणि आपल्या ताटातला बोंबील यांना जोडणारी कडी दोन-तीन सेंटीमीटर लांबीची आहे.

ही कडी आपल्या डोळ्यांदेखत झिजत आहे. ठाणे खाडीच्या काठावर आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात कारखान्यांचे व घरांचे सांडपाणी गेली अनेक दशके पाण्यात मिसळत आहे. भराव आणि गाळ यांमुळे पात्र उथळ झाले. चेंदणी कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्त्यांतील मासेमारीवर त्याचा परिणाम झाला. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातील अभ्यासकांनी या खाडीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे आणि तिच्या ढासळत्या प्रकृतीकडे लक्ष वेधले आहे. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांमुळे खाडीला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पक्षी दिसतो म्हणून त्याची दखल घेतली जाते, जवळा दिसत नाही. खाडी जगवायची तर न दिसणाऱ्यांचीही मोजदाद व्हावयास हवी.

जाळ्याचाही प्रश्न आहे. डोल जाळ्याच्या शेपटीचे आस फार बारीक असतात. जवळ्याबरोबर इतर मासळीची पिलेही त्यात अडकतात. या बाबतीत जपानच्या सुरुगा उपसागरातील उदाहरण पाहण्यासारखे आहे. १८९४ साली तेथील मच्छीमारांचे जाळे अपघाताने खोल गेले आणि साकुरा एबीचा थवा हाती लागला. तेव्हापासून तो धंदा सुरू झाला. पुढे तेथील मच्छीमारांनी अंडी घालण्याच्या हंगामात मासेमारी बंद ठेवण्याचा आणि विक्रीचे उत्पन्न एकत्र करून सर्वांमध्ये वाटून घेण्याचा नियम केला. कोणी कितीही धावपळ केली तरी वाटा ठरलेला, त्यामुळे समुद्र ओरबाडण्याची चढाओढ उरत नाही. एवढे करूनही २०१८ च्या सुमारास तेथील उत्पन्न फार घटले. नियम असूनही समुद्र बदलतो, मग नियम नसतील तर काय होईल, याचा विचार आपण करावा.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना

शहरात राहावयास गेलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना एक अनुभव आला असेल. सुकट किंवा जवळा भाजल्याचा वास जिन्यात गेला की शेजारची खिडकी बंद होते. मुले शाळेच्या डब्यात ते नेण्यास संकोचतात. हळूहळू घरातूनही ते नाहीसे होते आणि त्याबरोबर त्याविषयीचे ज्ञानही जाते. मुलांच्या मनातील संकोच उपदेशाने जात नाही, माहितीने जातो. ज्याला आपण गरिबाचे कालवण म्हणून बाजूला सारतो, त्याचे भाऊबंद अरबी समुद्राच्या अंधारात स्वतःचा दिवा बाळगून हिंडतात, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, तो मान खाली घालणार नाही.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर सुका जवळा कोमट पाण्यात तासभर भिजवावा, पांढऱ्या बशीत पसरावा आणि भिंगातून पाहावा. डोळे शोधावेत, पाय मोजावेत, मुखपाद वेगळे काढावेत, शेपटीचे पंखे पाहावेत. त्यात अंबाड किंवा कोळंबीचे पिलू मिसळलेले असेल तर ते वेगळे करावे आणि कशावरून वेगळे केले, ते वहीत लिहावे. जे मोजले तेवढेच लिहावे, ऐकलेले लिहू नये. मिल्न-एडवर्ड्स यांनी १८३० साली केले ते काम मुळात हेच होते, आणि आपल्या शाळेतील पाचवीचे मूलही ते करू शकते.